आधी तांबी, मग बाळ

साताऱ्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३१, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. लग्नाला पाच वर्षं झाली. पाळी तीन-चार महिन्यांनी येते, पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हॉर्मोनचा बिघाड, सांगितलाय, दोन आययूआय (वीर्य नळीनं थेट गर्भपिशवीत सोडणं) झाले, गुण नाही. आता डॉक्टर म्हणतात आधी वजनाचं ऑपरेशन करून घ्या. सासूबाई म्हणतात, पोटाला एकदा कात्री लागली की मूल कुठून राहणार? आणि ताई स्वतः विचारतात, ऑपरेशननंतर दिवस राहतील का, थांबावं किती लागेल, की सरळ टेस्ट ट्यूब करून मोकळं व्हावं?

सासूबाईंपासून सुरुवात करते. त्यांची शंका मला ओपीडीत सारखी ऐकू येते, आणि तिच्यात सासूबाईंपेक्षा आपल्या भाषेचा दोष जास्त आहे. मराठीत जेवण जातं तेही पोटात आणि बाळ वाढतं तेही पोटात. 'पोटाचं ऑपरेशन' म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे गर्भपिशवी येते. प्रत्यक्षात सर्जन तिच्या आसपासही फिरकत नाही. त्याचं काम वर, जठरावर, दुर्बिणीच्या चार-पाच भोकांतून. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न आतड्याचा पहिला तुकडा टाळून जातं. गर्भपिशवी, नळ्या, अंडाशय जागच्या जागी असतात. पुढे केवळ या ऑपरेशनमुळे सिझेरियन करावं लागतं असंही नाही.

मग जठर लहान केल्यानं पाळी कशी सुधारते? मधला दुवा इन्सुलिनचा आहे. वजन वाढलं आणि त्यात पीसीओडी असला की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन बनवायला लावतं. शिवाय त्या हॉर्मोनला रक्तात बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृत बनवतं, ते कमी पडतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, हनुवटीवर केस येतात, आणि अंडाशयात बीज वाढायला लागून अर्ध्यावर थांबतं. सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारखं दिसतं ते हेच. त्या 'गाठी' नव्हेत, अडकलेली बीजं आहेत. इकडे चरबीतून इस्ट्रोजेन तयार होत राहतं आणि गर्भपिशवीचं अस्तर महिनोन्‌महिने जाड होत जातं. म्हणून ज्यांना चार महिने पाळी येत नाही त्यांच्या अस्तराची जाडी मी बघतेच. गरज वाटली तर तुकडा तपासायला पाठवते. मूल हवं असो वा नसो, ते अस्तर तसंच सोडणं धोक्याचं असतं.

ऑपरेशननंतर इन्सुलिनची गरज वजनाच्या आधी उतरते. वजन वर्षभर हळूहळू कमी होतं, एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के, म्हणजे या ताईंच्या बाबतीत २५ ते ३० किलो. पण शरीर इन्सुलिनला पुन्हा दाद द्यायला लागतं ते पहिल्या काही आठवड्यांतच. पाळीचं गणित तिथेच बदलतं. लंडनच्या दोन रुग्णालयांत झालेली एक चाचणी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पीसीओडी असलेल्या, पाळी लांबलेल्या आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ किंवा जास्त असलेल्या ८० जणी घेतल्या. निम्म्यांची स्लीव्ह केली, निम्म्यांना औषधं आणि आहार-व्यायामाचा सल्ला. वर्षभर दर आठवड्याला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजून बीज फुटलं की नाही ते पाहिलं. सगळ्यांना ओळीत लावलं तर औषधाच्या गटात मध्यावरच्या बाईला वर्षात दोनदा बीज आलं, ऑपरेशनच्या गटात सहा वेळा. हा फरक मोठा आहे. मात्र त्या चाचणीत बीजं मोजली, बाळं नव्हेत, हे लक्षात ठेवायचं. नळ्या बंद असतील तर सहा काय, बारा बीजं आली तरी उपयोग नाही, आणि आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोग असतो हे आजही बऱ्याचदा दिसतं. ताईंच्या कागदांत नळ्यांचा एक्स-रे झाल्याचा उल्लेख नाही. आययूआयच्या आधी तो झाला असेल अशी आशा करते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. मूल होत नाही म्हणून वजनाच्या ऑपरेशनला निघालेल्या बाईला मी आधी तांबी बसवते. हे ऐकून नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. एकदा तर एक नवरोबा म्हणाले, "मॅडम, आम्ही मूल व्हावं म्हणून आलोय, तुम्ही उलट्या गावाला निघालात." पाच वर्षं ज्यांना दिवस राहिले नाहीत त्यांना दिवस राहू नयेत म्हणून उपाय, हे विचित्र वाटतंच. पण इतक्या वर्षांत या बायकांच्या बाबतीत मला भीती वाटते ती ऑपरेशनला गुण येणार नाही याची नाही. गुण नको त्या वेळी येतो, त्याची वाटते.

माझ्याकडच्या एका बाईंची हकीकत अशी. स्लीव्ह झाली, चौथ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी धरलं की जठर लहान झालंय, घाईनं जेवली असेल. पाळी आधीपासूनच अनियमित, त्यामुळे चुकल्याचं तिला कळायचं कारणच नव्हतं. मळमळ थांबेना म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा बाळ १५ आठवड्यांचं. म्हणजे ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यातच दिवस राहिलेले, जेव्हा ती जेमतेम वरणाचं पाणी आणि ताक घेत होती आणि दर आठवड्याला दीड-दोन किलोनं उतरत होती. फॉलिक ॲसिड नाही, लोहाची गोळी पचत नाही. बाळ झालं, नीट आहे, पण दोन किलोचंच. आणि ते सहा महिने आम्ही सगळ्यांनी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशननंतरच्या पहिल्याच वर्षात दहातल्या चार बायकांनी मूल नको असतानाही कोणतंही साधन न वापरता संबंध ठेवल्याचं आढळलं होतं. आपल्याकडे प्रमाण कमी असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. 'आपल्याला कुठं होतंय' हा भरवसा पाच वर्षांत मुरलेला असतो.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गरोदरपणाची चाचणी, आणि भुलीखाली असतानाच तांबी. साधी तांब्याची चालते, पण तिनं अंगावरून जास्त जातं आणि या बायकांत आधीच लोह कमी असतं. त्यामुळे पीसीओडी असेल तर मी हॉर्मोनची तांबी सुचवते, ती अस्तरालाही आळा घालते. गर्भनिरोधक गोळ्या नकोत. बायपासनंतर गोळी पुरेशी शोषली जाईल याची खात्री नसते, उलट्या झाल्या तर ती बाहेरच पडते, आणि या वजनाला इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वेगळाच. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७२ तासांच्या गोळीवर तर अजिबात विसंबू नका. ७० किलोच्या वर तिचा परिणाम तसाही कमी होतो.

थांबायचं किती? बहुतेक मार्गदर्शक सूचना १२ ते १८ महिने सांगतात, काही २४ पर्यंत जातात. मी महिने मोजण्यापेक्षा वजनाचा काटा स्थिर झालाय का ते बघते. ओळीनं तीन महिने वजन हललं नाही, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व जागेवर आहेत, तर तांबी काढायची. काढल्यावर महिन्याभरातही दिवस राहू शकतात, त्यामुळे फॉलिक ॲसिड त्याआधी दोन-तीन महिने सुरू असलं पाहिजे. आणि चुकून लवकर राहिलंच तर मूल पाडायची गरज नाही, हेही स्पष्ट सांगते. घाबरून आलेल्या दोघींना मी थांबवलंय. फक्त मग तपासण्या जास्त, सोनोग्राफी जास्त, आहारतज्ज्ञ दर पंधरवड्याला.

वय मात्र या हिशोबात मोठा भागीदार आहे. ३१ व्या वर्षी दीड वर्ष थांबणं परवडतं. ३८ व्या वर्षी तोच सल्ला मी डोळे मिटून देणार नाही, कारण वजन उतरेपर्यंत बीजंही उतरतात. अशा बाईची एएमएच, म्हणजे बीजं किती शिल्लक आहेत ते सांगणारी रक्ततपासणी, बघायची, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, आयव्हीएफवाले (टेस्ट ट्यूब करणारे) यांनी एकत्र बसून ठरवायचं. कधी आधी गर्भ तयार करून गोठवतात, मग ऑपरेशन, मग तो गर्भ ठेवतात. ही वाट खर्चाची आणि थकवणारी आहे, पण आहे.

टेस्ट ट्यूबच आधी का नको, हा ताईंचा तिसरा प्रश्न. त्यांचा बीएमआय ४०.८ येतो. या वजनाला बीजं वाढवायला इंजेक्शनं जास्त लागतात, बीजं काढताना भूल जिकिरीची होते, राहिलेला गर्भ पडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि राहिलाच तर गरोदरपणात साखर आणि रक्तदाब मागे लागतात. उलट बाजूही सांगायला हवी. 'आधी थोडं वजन कमी करा, मग या' असं आम्ही डॉक्टर सर्रास सांगतो, त्याला म्हणावा तसा पुरावा नाही. नेदरलँड्समध्ये ५७७ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने आहार-व्यायाम करवून मग उपचार दिलेल्या गटाला दोन वर्षांत काही जास्त यश आलं नाही. नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचं प्रमाण तेवढं त्यांच्यात जास्त होतं. पण तिथे उतरलेलं वजन चार-पाच किलोंचं होतं आणि इथे गोष्ट २५-३० किलोंची आहे. दोन्हींना एका तागडीत घालता येत नाही. ताईंच्या जागी माझी धाकटी बहीण असती तर ३१ व्या वर्षी, पाळी येत नसताना, मी तिला आधी ऑपरेशन सुचवलं असतं. ती ४० ची असती, किंवा बीएमआय ३१ असता, तर नाही.

ऑपरेशननंतरचं गरोदरपण कसं जातं यावर स्वीडनचा अभ्यास उत्तम आहे, २०१५ चा. ऑपरेशन झालेल्या ५९६ गरोदरपणांची तुलना, ऑपरेशनपूर्वी त्यांचं होतं तेवढंच वजन असलेल्या पण ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांशी केली. गरोदरपणातला मधुमेह ६.८ टक्क्यांवरून १.९ वर आला. फार मोठं बाळ होण्याचं प्रमाण २२.४ वरून ८.६ वर. पण वाढ खुंटलेल्या लहान बाळांचं प्रमाण ७.६ वरून १५.६ वर गेलं, म्हणजे दुप्पट. ऑपरेशनचं सगळं देणं-घेणं या शेवटच्या आकड्यात आहे. बाळाला साखरेचा पूर थांबतो, पण रसद तुटण्याची शक्यता वाढते.

ती रसद कुठे तुटते ते बघा. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या पहिल्या तुकड्यात शोषले जातात, बायपासमध्ये नेमका तोच टाळलेला असतो. बी-१२ शोषायला जठराच्या भिंतीतून येणारा एक घटक लागतो, जठर कापलं की तोही घटतो. त्यातून आपण शाकाहारी, किंवा 'आठवड्यातून एकदा अंडं' वाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका तपासल्या तेव्हा दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. त्या तर बारीक, शेतात राबणाऱ्या बायका, ऑपरेशनचा वाराही न लागलेल्या. आणि ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी पण फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची खोड सर्वांत जास्त दिसली. म्हणून नुसती फॉलिकची ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून देऊन मी मोकळी होत नाही. बी-१२ आधी तपासते आणि बहुतेकींना इंजेक्शनच देते. दूध पाजतानाही हे चालू ठेवायचं, नाहीतर अंगावर पिणाऱ्या बाळात बी-१२ कमी पडतं आणि ते मलूल होतं. 'अ' जीवनसत्त्वाची गोळी असेल तर बीटा-कॅरोटीनची हवी. त्याच जीवनसत्त्वाचं दुसरं रूप, रेटिनॉल, जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅम, आणि ती चमचाभर वरणातून येत नाहीत: दही, पनीर, अंडी, मासे, मोडाची उसळ, लागलं तर पावडर. संकष्टी आणि नवरात्राचे उपवास या काळापुरते देवाच्या परवानगीनं बंद. साबुदाण्यात प्रथिन औषधालाही नसतं.

डोहाळे कडक लागले तर विशेष सांभाळायचं. उलट्यांनी गळून गेलेल्या गरोदर बाईला आपल्याकडे पहिला उपचार म्हणजे ग्लुकोजची बाटली. ऑपरेशन झालेल्या बायकांत थायमिन, म्हणजे बी-१, आधीच तळाला गेलेलं असू शकतं, आणि अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. हा क्रम ताईंनी स्वतः पाठ करावा, नवऱ्यालाही करायला लावावा, कारण रात्री अडीच वाजता ड्यूटीवर कोण असेल ते सांगता येत नाही.

साखरेच्या तपासणीचंही तसंच. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर बघतात. बायपास झालेलीनं ते पाणी प्यायलं की ते झर्रकन आतड्यात उतरतं, घाम फुटतो, छाती धडधडते, नंतर साखर एकदम पडून चक्कर येते. तिच्यासाठी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरीच बोटातून साखर तपासणं बरं. डोहाळजेवणात पुढ्यात येणारा शिरा आणि बाळंतपणातले डिंकाचे लाडू हीच गंमत करतात, तेव्हा एकच लाडू चार दिवस पुरवून खावा. 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' म्हणणाऱ्यांना हसून मान डोलवावी.

आणि माहेर. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, आणि तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशनचा पत्ता नसतो. कधी तर सासरीही माहीत नसतं, लग्नाआधी गुपचूप उरकलेलं असतं. बायपास झालेल्या एकीला ३० व्या आठवड्यात छातीखाली कळा सुरू झाल्या. दोन दिवस ॲसिडिटीची इंजेक्शनं घेत राहिली. बायपासमध्ये आतड्यांच्या जोडणीपाशी फटी राहू शकतात. गर्भपिशवी वाढून आतडी वर ढकलली की एखादं आतडं त्या फटीत घुसून पिळलं जातं. सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही. सुदैवानं तिच्या भावाला बहिणीचं ऑपरेशन माहीत होतं आणि त्यानं फोन केला. त्याच रात्री सर्जननं पोट उघडलं, दोघंही वाचली. तेव्हापासून मी ऑपरेशनच्या कागदाची प्रत फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवते आणि फोटो नवऱ्याच्या, आईच्या मोबाईलमध्ये ठेवायला लावते. वरच्या पोटात सतत दुखत असेल तर सर्जनला दाखवल्याशिवाय ॲसिडिटी म्हणायचं नाही. स्लीव्हमध्ये हा धोका नसतो. मूल व्हायचं बाकी आहे अशा बाईला मी स्लीव्हकडे झुकते त्याचं हे एक कारण. पण मधुमेह किंवा जोरदार जळजळ असेल तर सर्जन बायपासच सुचवतील, आणि तिथे त्यांचं ऐकावं. ऑपरेशनला जिवाचा धोका अगदी शून्य नाही. सरावाच्या केंद्रात तो हजारात एकाच्या आसपास असतो, दुर्बिणीनं पित्ताशय काढतात तितपत.

विम्याबद्दल थोडक्यात. प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा जास्त असेल तर हे ऑपरेशन विम्यात बसू शकतं. ३५ च्या वर असेल तर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह असं काहीतरी सोबत लागतं. त्या यादीत पीसीओडी नाही, आणि वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असतात. ताई ४० च्या वर आहेत, तेव्हा कागद वाचून घ्यावा, आपल्या पॉलिसीला प्रतीक्षाकाळ किती आहे तेही बघावं.

सध्या गाजत असलेल्या वजनाच्या इंजेक्शनांबद्दल कुणीतरी विचारेलच. त्यांनीही पाळी सुधारते, तेही नको त्या वेळी दिवस आणतात, आणि त्यांपैकी सेमाग्लुटाइड घेत असाल तर दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

ताईंनी आता करायचं ते एवढंच: एएमएच, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, फेरिटिन, अस्तराची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे झाला असेल तर तो शोधून ठेवणं. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. पाठवलेल्या सात कागदांत ती कुठेच नाही. बायकोच्या जठरावर सुरी चालवायच्या आधी निदान तो एक रिपोर्ट मला बघायचा आहे.